रेलून चढायचा मांजरसुंबा

बीड जिल्ह्यात सायकल चालवणाऱ्याला दोन वेगळे मुलूख भेटतात. उत्तरेला गेवराई-माजलगावची गंगथडी: काळी जमीन, ऊस, कापूस आणि सरळ रस्ता. दक्षिणेला पाटोदा, केज, धारूर, अंबाजोगाईचा बालाघाट: मुरमाड माळ आणि थोड्या थोड्या अंतराने एक चढ. एका मुलखातून दुसऱ्यात जायचं तर घाट चुकत नाही. बीडहून सोलापूरकडे निघालं की मांजरसुंब्याचा, तेलगावहून धारूरला यायचं तर धारूरचा, परळीहून अंबाजोगाईला वर यायचं तर कन्हेरवाडीचा, आणि पाटोद्याकडून जामखेडला उतरायचं तर सौताड्याचा.

अशा जिल्ह्यात कुणी रिकंबंट सायकल आणली, म्हणजे पाठ टेकून, पाय पुढे लांबवून, खुर्चीत रेलल्यासारखं बसून चालवायची सायकल, तर माणसं गाडी थांबवून बघतात. फोटो काढून झाला की निकाल देतात: "सपाटीला ठीक आहे हो, पण घाटात काय कामाची?" निकाल देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती चालवलेली नसते. चालवलेल्यांपैकीही काही जण हेच म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. त्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. पण घाटात जी सायकल अडते, ती बहुधा सीटमुळे अडलेली नसते. तिचे दाते मोजून पाहावेत, कारण तिथे सापडतं.

गैरसमज : झोपून घाट चढता येत नाही

रेललेल्या सायकलचं सगळं कौतुक वाऱ्याशी जोडलेलं आहे. अंग खाली आणि आडवं असल्यामुळे समोरून वारा कमी अडतो, त्यामुळे सपाटीला त्याच जोरात जास्त वेग मिळतो. घाटात हा फायदा संपतो, हे खरं. शंभर मीटरला सहा मीटर असा चढ धरा. ६५ किलोचा स्वार, १७ किलोची रिकंबंट, पाणी आणि हत्यारं मिळून ३ किलो: एकूण ८५ किलो. साधारण तब्येतीचा माणूस बराच वेळ टिकवू शकेल अशी १०० वॅट ताकद लावली तर वेग निघतो ताशी सव्वासहा किलोमीटर. या वेगाला वाऱ्याचा विरोध एकूण विरोधाच्या एक-दीड टक्का असतो. बाकी सगळं ओझं.

म्हणजे घाटाला तुम्ही ताठ बसलात की रेललात याच्याशी फारसं देणंघेणं नाही. तो किलो मोजतो. रिकंबंटमध्ये लांब चेन, मोठी सीट आणि जास्तीचा पाइप असतो, त्यामुळे ती साध्या चांगल्या सायकलपेक्षा पाच-सहा किलोंनी जड भरते. वरच्या उदाहरणात साध्या सायकलवर एकूण ओझं ७९ किलो झालं असतं. फरक सुमारे साडेसात टक्क्यांचा, म्हणजे अर्ध्या तासाच्या चढाला सव्वादोन मिनिटं. शर्यत असेल तर ही सव्वादोन मिनिटं मोठी. कपिलधारला दर्शनाला निघालेल्या माणसाला तेवढ्याने काही होत नाही.

तथ्याचा भाग असा की नवा स्वार याहूनही मागे पडतो. ताठ सायकलवर कमावलेले स्नायू या बैठकीत तसेच उपयोगी पडत नाहीत, मांडीचा पुढचा भाग लवकर भरून येतो. हे काही आठवडे चालतं. ज्यांनी पहिल्याच रविवारी घाट गाठला आणि सायकल विकायला काढली, त्यांचा अनुभव खोटा नाही, घाईचा आहे.

गैरसमज : पेडलवर उभं राहिल्याशिवाय जोर लागत नाही

उलट आहे, आणि त्यातच धोका आहे. साध्या सायकलवर माणूस उभा राहतो तेव्हा पेडलवर साधारण त्याचं वजन पडतं, हँडल ओढून त्यात थोडी भर घालता येते. रिकंबंटवर पाठीमागे सीटचा टेका असतो. भिंतीला पाठ लावून पायांनी जड कपाट सरकवावं तसा जोर लागतो, आणि तो स्वतःच्या वजनापेक्षा जास्त असू शकतो. पायाला ते सहज जमतं. गुडघ्याला नाही. दोन-चार किलोमीटर असा रेटा दिला की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघ्याची वाटी बोलू लागते.

उभं राहता येत नाही याचा तोटा वेगळा आहे: ताठ सायकलवाला अवघड वळणावर दहा-पंधरा पेडलं उभ्याने मारतो, तेवढ्यात त्याचं अंग मोकळं होतं आणि चुकीचा गिअरही खपून जातो. रिकंबंटवर तो खपत नाही. म्हणून या सायकलला साध्या सायकलपेक्षा खालचा गिअर लागतो. चैन म्हणून नव्हे. त्याच्याशिवाय गाडी चढत नाही.

गैरसमज : २१ गिअर आहेत म्हणजे घाट चढणारच

सायकलच्या दुकानात 'किती गिअरची?' हा पहिला प्रश्न असतो. घाटासाठी तो जवळजवळ निरुपयोगी आहे. विचारायला हवं ते असं: सगळ्यात खालच्या गिअरला पेडलच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल किती पुढे जाते?

हे मोजायला काही कळावं लागत नाही. सपाट फरशीवर सायकल उभी करा. मागच्या टायरखाली फरशीवर खडूने खूण करा. पुढे लहानात लहान चक्र, मागे मोठ्यात मोठं. मग हाताने सायकल मागे ढकलत पेडलला एक अख्खा फेरा होऊ द्या आणि टायर जिथे थांबलं तिथे दुसरी खूण करा. टेपने मोजलेलं अंतर हाच तुमचा घाटाचा गिअर. कागदावर काढायचं असेल तर पुढच्या चक्राचे दाते भागिले मागच्याचे, गुणिले चाकाचा घेर.

आता तुलना. जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणारी पोरं ज्या बिनगिअरच्या सायकली वापरतात, त्यांना पुढे बहुधा ४४ आणि मागे १८ दाते असतात. चाकाचा घेर २.१ मीटर धरला तर फेऱ्यामागे ५.१ मीटर. मघाच्या सहा टक्के चढावर तेवढंच ओझं घेऊन ताशी सव्वासहाने जायचं तर पेडल मिनिटाला वीसच वेळा फिरतं, आणि प्रत्येक फेऱ्यात सरासरी २८ किलोचा दाब द्यावा लागतो. पेडल आडवं असताना तर त्याच्या दीडपट. म्हणूनच पोरं घाटात उभी राहतात, नागमोडी जातात, शेवटी उतरून ढकलतात. त्यांच्या पायात दम नाही असं म्हणणाऱ्याने एकदा ती सायकल स्वतः चढवून बघावी.

बाजारातली २१ गिअरची सायकल घ्या: पुढे २४-३४-४२, मागे १४ ते २८. सव्वीस इंची चाकाचा घेर दोन मीटरच्या जवळ, म्हणजे सगळ्यात खालचा गिअर फेऱ्यामागे १.७ मीटर. बरा आहे. पण तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या २१ गिअरवालीला पुढे २८-३८-४८ असतात, आणि तिचा खालचा गिअर दोन मीटरवर जातो. डब्यावर दोन्हीकडे आकडा २१ च. वर त्या एकवीसमधले कितीतरी गिअर एकमेकांची नक्कल असतात.

बालाघाटात रिकंबंट चालवायची तर फेऱ्यामागे १.३ मीटर किंवा त्याहून कमी असा एक गिअर असलाच पाहिजे. मागचं चाक सव्वीस इंची असेल तर पुढे २२ आणि मागे ३४ दाते: बरोबर १.३ मीटर. त्या गिअरला सव्वासहाच्या वेगाने पेडल मिनिटाला ऐंशी वेळा फिरतं आणि पेडलवर सरासरी सात किलोचा दाब पुरतो. २८ ऐवजी ७. माणूस तोच, घाट तोच, लागलेली ताकदही तीच १०० वॅट. फक्त ती थोडी थोडी, पुष्कळ वेळा दिली.

ज्यांना मिनिटाला ऐंशी फेरे म्हणजे उगाच पाय नाचवणं वाटतं, त्यांनी साठ-सत्तरवर राहायला हरकत नाही. चाळीसच्या खाली गेलात तर मात्र तुम्ही गुडघ्यातून पैसे देत आहात.

एक व्यवहाराची गोष्ट. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या डिरेलरच्या गाडीत पेडल फिरत असतानाच गिअर पडतो. साध्या सायकलवर थांबल्यावर मागचं चाक उचलून, पेडल हाताने फिरवून चूक सुधारता येते. रिकंबंटवर बसल्या जागी ते होत नाही. वळणापलीकडे चढ दिसतोय, समोरचा ट्रक हळू होतोय, अशा वेळी गिअर आधीच खाली घ्यायचा. चढ लागल्यावर जोर देत गिअर टाकला की चेन कडकडते आणि एखाद दिवशी तुटते. चेनही साधी नव्हे: ११६ कड्यांची नेहमीची चेन जेमतेम दीड मीटर भरते, रिकंबंटला तशा अडीच-तीन जोडाव्या लागतात. तुटली तर रस्त्यावर बसून जोडायचं हत्यार आणि एक जोडकडी खिशात हवीच. धारूरच्या घाटात सायकलचं दुकान नाही.

गैरसमज : लहान चाक चढाला जड जातं

बऱ्याच रिकंबंटना वीस इंची चाकं असतात, आणि ती बघून लोक नाक मुरडतात. चढाला लहान चाक उपकारकच आहे. त्याचा घेर दीड मीटर, त्यामुळे पुढे ३० आणि मागे ३४ एवढ्यावरच फेऱ्यामागे १.३२ मीटर मिळतात. अडचण गंगथडीत येते. तिथे वेग घ्यायचा तर पुढे ५२ दात्यांचं मोठं चक्र लागतं, नाहीतर पाय गरगर फिरतात आणि गाडी पुढे सरकत नाही. लहान चाकाची खरी तक्रार खड्ड्यांची आहे. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून निघून जातं, त्यात हे उतरतं. आणि रस्त्याकडेच्या वेड्या बाभळीचा काटा चाकाचा आकार विचारत नाही.

गैरसमज : हळू चालली की पडते

दोन चाकांच्या रिकंबंटबद्दल हे अर्धं खरं आहे. ताठ सायकलवर अंग डावीउजवीकडे झुकवून तोल सावरता येतो. इथे पाठ सीटला टेकलेली, म्हणून सगळा तोल हँडलने राखावा लागतो, आणि ताशी पाचच्या खाली गेलं की सायकल रस्ताभर डुलते. खांदे सैल सोडून सीटला टेकवायचे, हँडल बोटांनी धरायचं, नजर पुढच्या चाकावर न ठेवता दहा-पंधरा मीटर पुढे. घाबरून हँडल आवळलं की ती पडतेच.

चढावर थांबून पुन्हा निघणं हा खरा कस. नवशिका सगळ्यात खालचा गिअर टाकून निघायला बघतो आणि तिथेच फसतो, कारण १.३ मीटरच्या गिअरला अर्ध्या फेऱ्यात गाडी जेमतेम पासष्ट सेंटिमीटर सरकते; दुसरा पाय पेडलवर येईपर्यंत वेग उरलेला नसतो. म्हणून थांबण्याआधीच सगळ्यात खालच्यापेक्षा एक-दोन पायऱ्या वरचा गिअर टाकून ठेवावा. दोन्ही ब्रेक दाबून धरायचे. एक पाय जमिनीवर, दुसरा पेडलवर, आणि ते पेडल वरच्या बाजूला, किंचित आपल्याकडे झुकलेलं. पाठ सीटमध्ये घट्ट रोवायची. मागून गाडी नाही हे आरशात पाहून ब्रेक सोडायचा आणि त्याच क्षणी जोराने रेटायचं. जमिनीवरचा पाय उशीर न करता वर. दोन फेरे झाले की गिअर खाली.

तीन चाकांच्या रिकंबंटला यातलं काहीच लागत नाही. ती चढावर थांबते, स्वार पाणी पितो, ब्रेक लॉक करून भेळही खातो, आणि हव्या त्या खालच्या गिअरला परत निघतो. मुंगीच्या वेगाने चढली तरी पडत नाही. बालाघाटासाठी मला विचाराल तर तीन चाकं, वजन दोन-चार किलो जास्त असलं तरी. एक मात्र पाळायचं: पाय पेडलला बांधलेला हवा, क्लिपच्या बुटाने किंवा टाचेच्या पट्ट्याने. धक्क्याने पाय निसटून खाली पडला तर चालती गाडी त्याच्यावरून पुढे जाते आणि पाऊल सीटखाली ओढलं जातं. घोटा मोडायला तेवढं पुरतं.

गैरसमज : चढ जिंकला की काम झालं

सहा टक्क्यांच्या उतारावर पेडल न मारता सोडलेली ताठ सायकल हिशेबाने ताशी ४०-४५ च्या आसपास स्थिरावते, कारण स्वाराची छाती वारा अडवते. रेललेल्या माणसाची छाती वारा अडवत नाही. त्याचा काटा ५५-६० कडे जातो. चढताना निकामी ठरलेला फायदा उतरताना अंगावर येतो. बूड जमिनीजवळ असल्याने हँडलवरून उलथण्याची भीती कमी, ही जमेची बाजू. पण ब्रेक सतत घासत ठेवले तर लहान चाकाची रिम मोठ्या चाकापेक्षा लवकर तापते, आणि तापलेल्या रिमवर ट्यूब फुटते. डिस्क ब्रेक असतील तर उत्तम. कोणतेही असोत, वळणाआधी दाबून वेग पाडायचा, मग सोडून गार होऊ द्यायचं. मांजरसुंब्याच्या चौपदरी रस्त्यावर चूक सुधारायला जागा मिळते. धारूरच्या अरुंद घाटात मिळत नाही.

गैरसमज : ड्रायव्हरला दिसतच नाही

सरळ मोकळ्या रस्त्यावर दिसते, कारण विचित्र दिसते. लोक वेग कमी करून बघतात. दांडीला उंच भगवं किंवा नारिंगी निशाण आणि दिवसाही लुकलुकणारा मागचा दिवा लावला की प्रश्न बराचसा मिटतो. आरसा मात्र शोभेचा नाही, रेललेल्या माणसाला मान वळवून मागे पाहता येत नाही.

खरा धोका ऊस हंगामाचा. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चढाला जवळजवळ सायकलच्याच वेगाने जात असतो, आणि त्याला मागे टाकायचा मोह होतो. बाजूला आलेल्या उसाखाली बसलेला माणूस ट्रॅक्टरवाल्याला कुठूनही दिसत नाही. डाव्या बाजूने तर कधीच घुसू नये. थांबावं, त्याला वर जाऊ द्यावं.

गैरसमज : दोष असणार, म्हणून तर शर्यतीत बंदी

७ जुलै १९३३ ला पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या दुसऱ्या फळीतल्या स्वाराने शार्ल मोशेने बनवलेल्या रिकंबंटवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं आणि ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मोडला. एप्रिल १९३४ पासून आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने, म्हणजे यूसीआयने, शर्यतीच्या सायकलची अशी व्याख्या लागू केली की त्यात ती बसेचना. बंदी वेगामुळे आली. घाटाचा, सुरक्षिततेचा तिच्याशी संबंध नव्हता. हाच महासंघ २००७ पासून दिव्यांगांच्या सायकल शर्यतीही चालवतो, आणि तिथे हँडसायकलच्या एच-१ ते एच-४ गटांतले खेळाडू रेलूनच, हातांनी पेडल फिरवत, घाट चढतात.

गैरसमज : ही परदेशी चैन, आपल्याकडे कुठे?

दुकानात मिळत नाही हे खरं. मागवावी लागते किंवा बनवून घ्यावी लागते. एसएई इंडियाच्या 'एफिसायकल' स्पर्धेसाठी अभियांत्रिकीची मुलं दोन स्वारांच्या तीनचाकी स्वतः वेल्डिंग करून बनवतात. उसाच्या ट्रॉल्या जोडणाऱ्या बीडच्या फॅब्रिकेशनवाल्याला पाइप वाकवणं अवघड नाही. तो चुकतो चेनच्या वाटेत: ज्या बाजूने चेन ओढली जाते, तिथली पुली साध्या प्लॅस्टिकची न ठेवता बेअरिंगवरची दातेरी हवी आणि तिचा आधार भक्कम हवा, कारण चढावर सगळा ताण तिच्यावर येतो.

पण बसून, पाठ टेकून, चेनने चालवायचं वाहन बीडला नवीन नाही. तालुक्याच्या शिबिरांतून दिव्यांगांना मिळणारी हाताने फिरवायची तीनचाकी प्रत्येक बाजारपेठेत दिसते. तशा तीनचाक्या बनवणारी अलिम्को ही सरकारी कंपनी १९७२ पासून कानपूरला आहे. नेहमीच्या हाताच्या तीनचाकीला गिअर एकच असतो, सपाटीसाठी ठरवलेला. अंबाजोगाईसारख्या चढउताराच्या गावात तो माणूस चढाशी थांबतो आणि ढकलणाऱ्याची वाट बघतो, आणि बघणारे समजतात की हातात जोर नाही. त्याच्या हातात ताठ सायकलवाल्याच्या पायापेक्षा कमी जोर आहे, म्हणजे त्याला जास्त खालचा गिअर हवा. दिलेला मात्र नाहीच. जुन्या पद्धतीचा तीन गिअरचा हब चाकात बसवला तर खालचा गिअर मूळच्या पाऊणपट होतो, म्हणजे हाताला चौथा हिस्सा जोर कमी लागतो. हबचा गिअर गाडी थांबलेली असतानाही बदलता येतो. घाटाला तो पुरणार नाही, घाटासाठी बॅटरीची गाडीच लागेल. बाजारतळापासून तहसीलपर्यंतचा, पुलाचा, दवाखान्याच्या रॅम्पचा चढ त्यावर बहुधा चढता येईल.